गदा एकाची, गुंतवणूक कोणाची?

२०२० सालच्या जानेवारी महिन्यात, तेव्हाच्या अहमदनगर आणि आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील कोंभाळणे या एकाच गावाचे नाव दोनदा महाराष्ट्रभर गेले. ७ जानेवारीस पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात या गावच्या हर्षवर्धन सदगीर याने ‘महाराष्ट्र केसरी’ किताबाची चांदीची गदा जिंकली. आणि त्याच महिन्याच्या २५ तारखेस, देशी वाणांची बियाणे बँक उभी करणाऱ्या राहीबाई पोपेरे यांना पद्मश्री जाहीर झाली. अकोले तालुक्यातील एका डोंगराळ गावाच्या वाट्याला एकाच महिन्यात दोन मान यावेत, हा योगायोग खराच. परंतु त्यात योगायोगापलीकडचा एक अर्थही दडलेला आहे. बियाणे आणि पैलवान या दोहोंची जात एकच. दोन्ही तयार व्हायला वर्षे लागतात. दोन्हींसाठी आजच्या ताटातले काही बाजूला काढून ठेवावे लागते. आणि जपणुकीचा भार ज्या घराने सोसला, पिकाचा लाभ त्याच घराच्या पदरी पडेल, याची खात्री दोन्ही ठिकाणी नसते.

राहीबाईंनी बियाण्याच्या बाबतीत जे ओळखले, ते कुस्तीच्या बाबतीत महाराष्ट्राने अद्याप ओळखलेले नाही. आपला समाज पैलवानाला बक्षीस देतो. वेतन देत नाही. तो जिंकला की फेटा, मिरवणूक आणि सत्कार; तो घडत असताना मात्र त्याचा सारा भार त्याच्या आईबापांच्या माथी. पेरणीच्या वेळी कोणी नाही आणि खळ्यावर मात्र सारे हजर, असा हा व्यवहार आहे.

कोंभाळणे ते बालेवाडी

हर्षवर्धनच्या वाटचालीचे टप्पे पाहिले तर हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. कोंभाळण्याहून तो नाशिक जिल्ह्यातील भगूरला गेला आणि तेथे बलकवडे व्यायामशाळेत गोरखनाथ बलकवडे यांच्या हाताखाली त्याची पायाभरणी झाली. पुढे तो पुण्यात कात्रज येथील अर्जुन पुरस्कारविजेते काका पवार यांच्या कुस्तीसंकुलात दाखल झाला. त्या वर्षी महाराष्ट्र केसरीच्या मैदानात तो उतरला तोही नाशिक जिल्ह्याचा मल्ल म्हणून. जन्म नगर जिल्ह्यातला, घडण भगूरची, पैलू पाडले पुण्याने आणि पत्रिकेवर नाव नाशिकचे. ज्या जिल्ह्यात शेकडो गावांच्या यात्रांना कुस्त्यांचा हगामा भरतो, त्या जिल्ह्यातल्या मुलाला मल्लविद्येसाठी घर सोडून जावे लागते, यात आपल्या जिल्ह्याने विचार करावा असे बरेच काही आहे. पाथर्डीकडचा ऊसतोडणी मजूर कोयता घेऊन परमुलखात जातो, त्याला आपण स्थलांतर म्हणतो. लंगोट घेऊन जाणाऱ्या मुलाचे जाणेही स्थलांतरच आहे, फक्त त्याची नोंद कोणी ठेवत नाही.

त्या वर्षीची स्पर्धा सोपी नव्हती. गादी विभागाच्या अंतिम लढतीत हर्षवर्धनने २०१७ चा महाराष्ट्र केसरी अभिजित कटके याला हरविले. माती विभागातून लातूरचा शैलेश शेळके ज्ञानेश्वर जमदाडे याच्यावर मात करून वर आला. किताबाच्या लढतीत जे दोघे समोरासमोर उभे राहिले ते दोघेही काका पवारांचेच पठ्ठे होते. एका ताटात जेवलेले आणि एका हौद्यात घाम गाळलेले. ही कुस्ती हर्षवर्धनने ३-२ अशा निसटत्या फरकाने जिंकली, आणि जिंकल्यावर पराभूत शैलेशला खांद्यावर उचलून घेतले. ते दृश्य महाराष्ट्राने पाहिले आणि त्याचे योग्य ते कौतुकही झाले. परंतु एका गुणाचा तो फरक निराळ्या दृष्टीनेही पाहायला हवा. शैलेशच्या घरानेही तितकीच वर्षे, तितकाच खर्च आणि तितकीच चिंता सोसली असणार. एका गुणाने एकाचे नाव इतिहासात गेले आणि दुसऱ्याचे ‘उपविजेता’ या एका शब्दात आटोपले. ज्या व्यवसायात मिळकतीची वाटणी इतकी विषम आहे, त्यात माणसे शिरतात ती हिशेबाने नव्हे, तर निष्ठेने.

खुराकाचा हिशेब

तरीही हिशेब मांडून पाहिला पाहिजे. बारा वर्षांचा मुलगा तालमीत घातला आणि तो विसाव्या वर्षापर्यंत टिकला, असे धरू. त्याला रोज दोन लिटर दूध धरले, आणि वाढत्या पैलवानाला ते काही अधिक नव्हे, तर वर्षाचे ७३० लिटर आणि आठ वर्षांचे ५,८४० लिटर होते. रोजचे शंभर ग्रॅम बदाम धरले तर वर्षाला साडेछत्तीस किलो. त्यावर तूप, अंडी, फळे, मांसाहार, तालमीतील खोलीचे भाडे, स्पर्धांचा प्रवास आणि दुखापतींचे औषधपाणी.

दुभत्या घरातील माणूस यावर म्हणेल की, दूध तर घरचेच. पण घरचे दूध फुकट नसते. सकाळी संकलन केंद्रावर जे दूध गेले असते आणि ज्याचा पगार दहा दिवसांनी हाती आला असता, तेच हे दूध आहे. अर्थशास्त्रात याला संधी-परिव्यय म्हणतात. घरातली आई त्याला कोणतेही नाव देत नाही. ती धाकट्यांच्या वाट्याचे भांडे थोरल्याकडे सरकवते. म्हणून पैलवानाची पहिली गुंतवणूकदार सरकार नव्हे, संघटना नव्हे आणि एखादी कंपनीही नव्हे. त्याच्या पाठच्या भावंडांनीच ती केलेली असते.

आणि ही गुंतवणूक जोखमीची आहे. खांदा निखळला, गुडघ्याचा सांधा गेला किंवा वाढीच्या वयात वजन हवे तसे भरले नाही, की आठ वर्षांचे भांडवल एका दुपारी बुडते. पिकाला विमा आहे, गुरांना विमा आहे. तालमीतल्या पोराच्या गुडघ्याला कोण विचारतो? शिवाय ही आठ वर्षे म्हणजे शाळा-महाविद्यालयाचीच वर्षे. पहाटे जोर-बैठका आणि संध्याकाळी लढत, यांच्यामध्ये जे शिक्षण होते ते बहुधा नावापुरते. म्हणजे पहिला मार्ग बंद झाला तर दुसरा उघडण्याची किल्लीही हातात राहत नाही.

खाशाबांपासून आजवर

ही स्थिती आजची नाही. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये फ्रीस्टाइल कुस्तीच्या बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवून स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारे खाशाबा जाधव कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे. त्यांच्या प्रवासासाठी लोकांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, ही कथा महाराष्ट्राला ठाऊक आहे. आपण ती अभिमानाने सांगतो. वास्तविक ती अभिमानाची तितकीच शरमेचीही आहे. एका प्राचार्याच्या घरावर राष्ट्राचे पदक अवलंबून असावे, ही त्या प्राचार्याची थोरवी खरी, पण ती व्यवस्थेची दिवाळखोरीही आहे. पदक घेऊन आल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. नोकरी मात्र १९५५ मध्ये पोलीस खात्यात उपनिरीक्षकाची मिळाली. १९८४ साली अपघातात त्यांचे निधन झाले आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यानंतर पंधराहून अधिक वर्षांनी.

संस्थानी काळात याहून निराळा हिशेब होता. छत्रपती शाहू महाराजांनी तालमींना आश्रय दिला, मल्लांच्या खुराकाची सोय लावली आणि १९१२ मध्ये कोल्हापूरचे खासबाग मैदान उभे केले. राजाश्रयात मनमानीचा धोका होता, हे मान्य. परंतु राजाश्रय पैलवान घडत असताना मिळत असे, तो घडून झाल्यावर नव्हे. लोकशाहीत राजा गेला, ते योग्यच झाले. पण राजाच्या जागी जो आश्रयदाता उभा राहावयास हवा होता, तो नेमाने कधी उभा राहिलाच नाही. त्याची जागा घेतली ती निवडणुकीच्या आगेमागे मैदान भरविणाऱ्या पुढाऱ्याने आणि विजेत्याला मोटार देणाऱ्या प्रायोजकाने. २०२३ च्या जानेवारीत पुण्यात झालेल्या स्पर्धेत विजेत्या शिवराज राक्षे याला मोटार आणि पाच लाख रुपये मिळाले. विजेत्याला ते जरूर मिळावेत. पण मोटारीच्या किमतीत किती मुलांचा वर्षाचा खुराक निघाला असता, हा प्रश्न मैदानावर कोणी विचारत नाही.

माती आणि गादी : दोन बाजार

फ्रीस्टाइल मल्लाची आणखी एक अडचण बाहेरच्या माणसाच्या ध्यानात येत नाही. त्याला दोन बाजारांत एकाच वेळी उभे राहावे लागते. गादीवरची कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची. ताबा मिळविला की दोन गुण, प्रतिस्पर्ध्याला वर्तुळाबाहेर काढले की एक, दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती संपली. ही घाईची, गतीची आणि गुणांची कुस्ती. पदके हिच्यात आणि नोकऱ्याही हिच्यातच. मातीतली निकाली कुस्ती निराळी. तेथे हलगी वाजते, जोड लागते, घड्याळ दुय्यम ठरते आणि पाठ टेकली तरच निकाल. इनाम आणि जनतेचे प्रेम या कुस्तीत. तेव्हा नाव करायचे गादीवर आणि पोट भरायचे मातीवर, अशी ही विभागणी आहे. एकीकडचा सराव दुसरीकडे पुरता उपयोगी पडत नाही आणि दोन्हींपैकी एकही सोडता येत नाही.

गावजत्रांचा हंगाम हाच पैलवानाचा सुगीचा काळ. माघापासून सुरुवात होते आणि चैत्र-वैशाखात तो भर धरतो. हर्षवर्धनने गदा जिंकली जानेवारीत. नव्या महाराष्ट्र केसरीला प्रत्येक मैदान मानाच्या कुस्तीसाठी बोलावते. चार महिन्यांत चार वर्षांचा खर्च काही अंशी भरून निघण्याची हीच वेळ. पण २०२० चा गुढीपाडवा आला तो २५ मार्चला, म्हणजे देशव्यापी टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी. चैत्र उजाडला आणि यात्रा बंद झाल्या. तालमींना कुलपे लागली. पुढच्या वर्षीही साथीने सुगी फारशी होऊ दिली नाही, आणि महाराष्ट्र केसरीची पुढची स्पर्धा भरली ती थेट एप्रिल २०२२ मध्ये साताऱ्यात. पैलवानाची उमेदीची वर्षे मोजकीच असतात. त्यांतील दोन अशी निघून गेली. शेतकऱ्याच्या बुडालेल्या हंगामाची नोंद तलाठी करतो. पैलवानांच्या या बुडालेल्या हंगामांचा पंचनामा झाल्याचे कोणाच्या ऐकिवात आहे काय?

तरीही हर्षवर्धन मैदानात टिकून राहिला. नोव्हेंबर २०२३ मध्ये धाराशिव येथील स्पर्धेत तो पुन्हा अंतिम फेरीत पोहोचला. तेथे शिवराज राक्षेकडून त्याचा पराभव झाला. पहिल्या किताबानंतर जवळजवळ चार वर्षांनी पुन्हा त्या टोकाशी जाऊन उभे राहणे, तेही साथीच्या खंडानंतर, ही गोष्ट आमच्या मते गदेइतकीच मोलाची आहे. बक्षिसाच्या अर्थव्यवस्थेत मात्र तिला मोल नाही.

याच संदर्भात आणखी एक विसंगती नोंदविली पाहिजे. महाराष्ट्र केसरीची गदा सर्वांत जड गटाला मिळते. १९६१ मध्ये औरंगाबादला दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी झाले, तेव्हापासून आपल्या मनातली पैलवानाची प्रतिमाच भारदस्त देहाची झाली आहे. परंतु ऑलिंपिकमध्ये भारताच्या पुरुष मल्लांनी जी पदके मिळविली, त्यांतील एकही सत्तर किलोंच्या वरच्या गटातले नाही. खाशाबा, सुशीलकुमार, योगेश्वर दत्त, रवी दहिया, बजरंग पुनिया आणि २०२४ मध्ये पॅरिसला अमन सेहरावत, हे सारे हलक्या गटांचे मल्ल. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातील पाटोद्याचा राहुल आवारे २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक घेऊन आला. पण त्याच्या वजनाच्या मल्लासाठी ती गदा नाहीच. ज्या वजनात जग जिंकता येते त्या वजनाला आपण मान कमी देतो, आणि ज्या वजनाला मान देतो त्यात जगाच्या मैदानावर आपण मागे पडतो. बक्षिसाची रचना चुकली की श्रमाची दिशा चुकते, हा साधा नियम येथेही लागू आहे.

एक किताब, दोन मैदाने

आणि ज्या एका किताबावर सारी भिस्त, तोही आता अखंड राहिलेला नाही. मामासाहेब मोहोळ यांनी १९५३ मध्ये राज्य कुस्तीगीर परिषदेची स्थापना केली. त्या परिषदेच्या छत्राखाली हा किताब वाढला. २०२२ पासून संघटना दुभंगली. परिषद एकीकडे आणि नवा कुस्तीगीर संघ दुसरीकडे, अशी विभागणी झाली. नोव्हेंबर २०२३ मध्येच पुण्याजवळ फुलगावला सिकंदर शेख आणि धाराशिवला शिवराज राक्षे, असे दोन महाराष्ट्र केसरी एकाच महिन्यात झाले.

त्याची सर्वांत बोलकी प्रचीती २०२५ मध्ये आपल्याच जिल्ह्याला आली. २ फेब्रुवारीस अहिल्यानगरच्या वाडिया पार्कवर पृथ्वीराज मोहोळ महाराष्ट्र केसरी झाला. त्या मैदानात पंचांच्या निर्णयावरून वाद पेटला आणि शिवराज राक्षे व महेंद्र गायकवाड या दोन नामांकित मल्लांवर तीन वर्षांच्या बंदीची कारवाई झाली. त्यानंतर दोन महिने होण्याच्या आत, मार्चअखेरीस, याच जिल्ह्यातील कर्जतला दुसरी महाराष्ट्र केसरी स्पर्धा भरली आणि सोलापूरचा वेताळ शेळके विजेता ठरला. एका जिल्ह्यात, एका हंगामात, एकाच नावाचे दोन किताब!

यात कोणत्या गटाची बाजू न्याय्य, हा या लेखाचा विषय नाही. पंचांवर हात किंवा पाय उगारणे कोणत्याही परिस्थितीत क्षम्य नाही, हेही निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे. पण ज्याची आठ-दहा वर्षे आणि घरादाराची पुंजी एका निर्णयावर टांगलेली असते, त्याच्या संतापाचे मूळ केवळ स्वभावात शोधणे पुरेसे नाही. चलन वाढविले की चलनाची किंमत घटते. किताबांचेही तसेच आहे. दोन गदा दिल्याने पैलवानांचा मान दुप्पट होत नाही, निम्मा होतो. सरकारी सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. पण तेथे प्रमाणपत्र लागते आणि प्रमाणपत्र मान्यताप्राप्त संघटनेचेच लागते. संघटनांच्या भांडणात नेत्यांचे काही जात नाही. जाते ते हातात कागद घेऊन उभ्या असलेल्या पोराचे.

सहकाराने हे करावे

मग करावे काय? सरकारने सारे करावे, ही नेहमीची मागणी येथे करावयाची नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीला पहिला सहकारी साखर कारखाना उभा केला, तो याच जिल्ह्यात. जी जोखीम एकट्या शेतकऱ्याला झेपत नाही ती अनेकांनी वाटून घेतली की झेपते, हे सहकाराचे मूळ तत्त्व जगाला दाखविणाऱ्या जिल्ह्याला पैलवानाची जोखीम वाटून घेणे अवघड का वाटावे? कागलच्या शाहू साखर कारखान्याने मल्लांना मानधन देण्याची प्रथा पाडली आहे. म्हणजे हा विचार काही हवेतला नव्हे. एखादा कारखाना हंगामात पाच लाख टन ऊस गाळतो असे धरू. टनामागे एक रुपया बाजूला काढला तर पाच लाख रुपये जमतात. दूध लिटरला पन्नास रुपये धरले, तर एवढ्यात तेरा मुलांच्या वर्षभराच्या दुधाची सोय होते. जिल्ह्यातील कारखाने आणि दूध संघ यांनी मिळून हे केले तर प्रत्येक तालुक्यात एक तालीम बिनघोर चालेल.

मात्र त्यास काही अटी हव्यात. मानधन किताब मिळाल्यावर नव्हे, तर बाराव्या वर्षापासून द्यावे. शक्यतो ते दुधा-अंड्यांच्या रूपाने द्यावे, म्हणजे पैसा अन्यत्र जाणार नाही. हलक्या गटांना जड गटांइतकाच वाटा असावा आणि मुलींना मुलांइतका. श्रीगोंदे तालुक्यातील भाग्यश्री फंड हिने जानेवारी २०२५ मध्ये वर्धा जिल्ह्यातील देवळीच्या मैदानात महिला महाराष्ट्र केसरी किताब जिंकला आहे; तेव्हा मुलींच्या कुस्तीविषयीची शंका निदान या जिल्ह्यात तरी उरू नये. तालमीत मातीबरोबर गादी असावी, मुलांचा अपघातविमा उतरवावा आणि शाळेतील हजेरीखेरीज मानधन मिळू नये. राहता राहिला संघटनांचा प्रश्न. त्यासाठी जिल्ह्यातील संस्थांनी आणि लोकप्रतिनिधींनी एवढेच ठरवावे की, दोन्ही संघटना एका मैदानावर येईपर्यंत या किताबासाठी आपल्या जिल्ह्याची भूमी आणि निधी मिळणार नाही.

यावर एक आक्षेप येईल. अशा शंभर मुलांतून महाराष्ट्र केसरी एखादाच निघणार. मग उरलेल्या नव्याण्णवांवरचा खर्च वाया नाही का? परंतु नेमका हाच प्रश्न आज त्या नव्याण्णव घरांना एकेकट्याने सोडवावा लागतो आहे. समाजाला गदा हवी असेल तर त्याने शंभरांचाही भार उचलला पाहिजे. आणि धडधाकट शरीराची, शिस्तीची, थोडीफार शिकलेली नव्याण्णव माणसे, हा काही वाया गेलेला खर्च नव्हे. पोलिसात, सैन्यात, शेतात, कोठेही ती समाजाच्या उपयोगी पडतील.

कोंभाळण्याच्या राहीबाईंनी पेरणीसाठी जे वाण राखले, ते त्याच हंगामात खाऊन टाकले असते तर बियाणे बँक झाली नसती. त्याच गावातून महाराष्ट्र केसरी निघाला, तो मात्र त्याच्या घराच्या आणि गुरूंच्या बळावर. पुढचा निघेल तेव्हा त्याच्या मिरवणुकीत सामील होण्याचा हक्क आपल्याला हवा असेल, तर आजच कुठल्या तरी वाडीवर पहाटे जोर काढीत असलेल्या बारा वर्षांच्या मुलाच्या दुधाचा हिशेब आपण आपल्या वहीत मांडला पाहिजे.